बलवानाचे ठाण मोडावे कसे?

'शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ' हे वाक्य आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. शाळेच्या फळ्यावर ते सुविचार म्हणून लिहिले जाते आणि वक्तृत्वाच्या स्पर्धेत त्यावर टाळ्याही मिळतात. परंतु ती युक्ती नेमकी कोणती, ती कोठे व केव्हा लावावयाची, आणि तिला शक्ती मुळीच लागत नाही काय, असे एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारले, तर उत्तर देणारा पुष्कळदा गडबडतो. म्हणून प्रस्तुत लेखात या वाक्याची परीक्षा एका कठीण प्रसंगावर करून पाहण्याचे योजिले आहे. प्रसंग असा : झुंजीत आपण पाठीवर पडलो आहोत, प्रतिस्पर्धी वजनाने व बळाने आपल्याहून अधिक आहे, आणि तो आपल्यापुढे गुडघ्यांवर ठाण मांडून बसला आहे. अशा वेळी दुर्बळाच्या हाती काही उरते काय? जुजुत्सू या जपानी विद्येने या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे दिले आहे. त्या उत्तरामागील कारणे विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कुस्ती आणि जुजुत्सू

आपल्या मातीतील कुस्तीत पाठ टेकली की पैलवान चीत झाला व कुस्ती संपली. त्यामुळे आपला पैलवान खाली गेला तरी पोटावर वळतो, हातपाय रोवतो, पण पाठ जमिनीस लागू देत नाही. ही सवय त्याच्या अंगी इतकी मुरलेली असते की पाठीवर पडून लढावयाचे असते, ही कल्पनाच त्यास विचित्र वाटते.

जुजुत्सूचा नियम निराळा आहे. तेथे पाठ टेकल्याने झुंज संपत नाही. सांध्याच्या किंवा गळ्याच्या पेचात सापडून एकाने हार मानली म्हणजे संपते. तिच्यापासूनच निघालेल्या ज्यूदोत प्रतिस्पर्ध्याची पाठ आपटेल अशी स्वच्छ फेक झाली तर विजय मिळतो. परंतु तशी फेक झाली नाही, तर जमिनीवरील झुंज पुढे चालू राहते. यामुळे पाठीवर पडलेल्या माणसाने काय करावे, याचा या विद्येत फार बारकाईने विचार झाला आहे. पडलेला मनुष्य आपले दोन्ही पाय समोरच्याच्या कमरेभोवती घालून मागे घोट्यांची आढी मारतो. या स्थितीस 'गार्ड' म्हणतात. आपण तिला पायांची मिठी म्हणू. या मिठीमुळे खालच्याचे हात मोकळे राहतात आणि वरच्यास बाजूने जाऊन त्याच्या छातीवर बसता येत नाही. म्हणजे पडलेला मनुष्य निःशस्त्र झाला असे नव्हे. त्याची शस्त्रे हातांतून पायांत आली, इतकेच.

या विद्येचा विकास ज्यांनी केला, त्यांपैकी पुष्कळ जण शरीराने लहान होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जिगोरो कानो (१८६०–१९३८) हे विद्यार्थिदशेत कृश होते. दांडग्या मुलांचा त्यांना त्रास होई, म्हणून ते जुजुत्सूकडे वळले. १८८२ साली त्यांनी तोक्यो येथे कोदोकान ही संस्था स्थापून ज्यूदोचा पाया घातला. ते व्यवसायाने शिक्षक होते व अध्यापक तयार करणाऱ्या मोठ्या विद्यालयाचे पुढे प्रमुखही झाले. त्यांच्या परंपरेतील मित्सुयो माएदा हे १९१४ साली ब्राझीलमध्ये पोहोचले, आणि त्यांच्याकडून ही विद्या ग्रेसी कुटुंबात गेली. त्या कुटुंबातील एलियो ग्रेसी (१९१३–२००९) हेही देहाने किरकोळच होते. जमिनीवरील झुंजीस आणि विशेषतः पायांच्या मिठीस आज जे रूप आले आहे, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आपल्या देशातही ही विद्या अगदी नवखी नाही. रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९०५ साली जिन्नोसुके सानो व १९२९ साली शिन्झो ताकागाकी या जपानी शिक्षकांस शांतिनिकेतनात आणविले होते. आज शालेय क्रीडास्पर्धांतही ज्यूदोस स्थान आहे.

ठाण म्हणजे काय?

आता मुख्य विषयाकडे वळू. बलवान मनुष्य बलवान कशामुळे असतो? 'दंडामुळे' असे आपण चटकन म्हणू. पण थोडे बारकाईने पाहा. आपल्या भागात धान कापणीच्या दिवसांत बाया डोक्यावर भारा घेऊन धुऱ्यावरून सरळ चालत जातात. भारा जड असतो आणि धुरा अरुंद असतो. तरी त्या डगमगत नाहीत. याचे कारण असे की डोके, पाठीचा कणा व कंबर ही तिन्ही एका ओळीत असतात आणि भार हाडांवरून थेट जमिनीत उतरतो. त्याच बाईस कमरेतून वाकून तोच भारा मानेवर तोलावयास सांगा. दहा पावलांतच ती थकेल. तिचे बळ तेवढेच आहे आणि भारही तेवढाच आहे. बदलले ते केवळ ठाण.

सानगडीच्या जुन्या किल्ल्याच्या पडक्या भागाकडे पाहिले तरी हेच दिसेल. भिंत ओळंब्यात असते तोवर तिचे वजन हेच तिचे सामर्थ्य असते. जितकी जड, तितकी स्थिर. परंतु ती एकदा ओळंब्यातून कलली, की तेच वजन तिचा शत्रू होते. मग तिला पाडावयास कोणी लागत नाही. ती आपल्याच भाराने खाली येते.

पायांच्या मिठीत गुडघ्यांवर बसलेल्या प्रतिस्पर्ध्याचे ठाण असेच असते. त्याची बैठक टाचांवर असते, पाठ ताठ असते, डोके कमरेच्या बरोबर वर असते आणि दोन्ही हात आपल्या पोटावर किंवा छातीवर टेकूसारखे रोवलेले असतात. या स्थितीत तो आपली मिठी सोडवू शकतो, आपल्यावर जोर टाकू शकतो, आणि आपला कोणताही पेच त्यास लागत नाही. हे ठाण मोडल्यावाचून पुढील सर्व डाव व्यर्थ होत. कानो यांनी डावाचे तीन भाग सांगितले आहेत : प्रथम 'कुझुशी', म्हणजे तोल मोडणे, नंतर 'त्सुकुरी', म्हणजे डावासाठी आपले अंग जागेवर आणणे, आणि शेवटी 'काके', म्हणजे प्रत्यक्ष डाव मारणे. नवशिका एकदम तिसऱ्या भागास हात घालतो, म्हणून फसतो.

ठाण मोडण्याची चार अंगे

पहिले अंग : ढकलू नये, जवळ ओढावे. मनुष्य पाठीवर पडला व वर कोणी आला, की तो घाबरून दोन्ही हात ताठ करतो आणि समोरच्याची छाती दूर ढकलू लागतो. हे अगदी स्वाभाविक आहे, आणि नेमके हेच चुकीचे आहे. ढकलण्याने समोरच्याची पाठ अधिकच ताठ होते. म्हणजे जे ठाण मोडावयाचे, तेच आपण त्यास बांधून देतो. शिवाय आपले हात थकतात आणि ताठ झालेला हात पेचात धरावयास सोपा जातो. मिठीत असताना धोका अंतरात आहे. निकट येण्यात संरक्षण आहे. भीती म्हणते, दूर लोट. विद्या म्हणते, जवळ आण. या दोहोंपैकी कोणाचे ऐकावयाचे, हे ज्यास पडल्या क्षणी ठरविता येते, त्याचा अर्धा पाठ झाला.

दुसरे अंग : हातांनी ओढू नये, पायांनी व कमरेने ओढावे. ताठ बसलेल्या बलवानास केवळ दंडाच्या जोराने खाली ओढू पाहणे म्हणजे त्याच्या पाठीशी आपल्या बोटांची झुंज लावणे होय. काही क्षणांतच मनगटे भरून येतात. त्याऐवजी हातांनी फक्त पकड घट्ट ठेवावी, आणि गुडघे आपल्या छातीकडे आणावे. पाय त्याच्या पाठीभोवती असल्यामुळे तो आपोआप पुढे खेचला जातो. मांड्या व कंबर हे शरीराचे सर्वांत बळकट भाग. युक्ती म्हणजे शक्तीचा अभाव नव्हे, तर आपला बळकट भाग समोरच्याच्या कमकुवत भागास लावणे होय.

येथे तरफेचा नियमही आठवावा. दार लोटताना आपण बिजागरीजवळ हात लावीत नाही. दूरच्या कडेस लावतो. बसलेल्या माणसाची बिजागरी म्हणजे त्याचे कमरेखालचे सांधे. तेथून कंबर सुमारे एक वीत अंतरावर आहे, तर डोक्याचा माथा सुमारे चार वीत. म्हणजे तोच जोर कमरेऐवजी माथ्यामागे लावला, तर त्याचा परिणाम जवळजवळ चौपट होतो. म्हणून पायांची आढी कमरेशी न ठेवता पाठीवर शक्य तितकी वर चढवावी, आणि एक हात डोक्यामागे न्यावा. बैल कितीही माजलेला असो, वेसण ज्याच्या हाती आहे तो त्याची मान वळवितो, आणि मान वळली की अंग मागून येते. माणसाचेही तसेच आहे. मात्र हात माथ्यामागे ठेवून डोके आपल्या छातीकडे आणावयाचे असते; मान पिरगाळावयाची नसते. हा भेद प्रत्येकाने पक्का ध्यानात ठेवावा.

तिसरे अंग : टेकू काढावा, आणि जिकडे टेकू नाही तिकडे ओढावे. समोरच्याचे रोवलेले हात हे त्याच्या ठाणाचे खांब आहेत. जोवर ते उभे आहेत, तोवर सरळ पुढे ओढून काही होत नाही. म्हणून दोन हातांनी त्याचा एकच हात धरावा, तो मनगटापाशी उचलून त्याच्या अंगाच्या मध्यरेषेपलीकडे न्यावा, आणि त्याच क्षणी गुडघे छातीकडे आणावे. दोघांच्या बळात तफावत असली तरी दोन हातांपुढे एक हात बहुधा टिकत नाही. खांब गेला की त्या बाजूचा कोपरा उघडा पडतो. मग तिरपे ओढावे. कोदोकानच्या शिक्षणात तोल मोडण्याच्या आठ दिशा मानतात : चार बाजू आणि चार कोपरे. बसलेल्या माणसास समोरून आधार असतो. कोपऱ्याकडे तो दुर्बळ असतो. म्हणून आपलीही कंबर जमिनीवर किंचित बाजूस सरकवून तिरपे व्हावे.

चौथे अंग : वेळ साधावी. हे अंग सर्वांत सूक्ष्म आहे. कोणताही मनुष्य सर्वकाळ ठाण राखू शकत नाही. तो काहीतरी करावयास जातो, तेव्हा ते क्षणभर सैल होते : मिठी सोडविण्यास हात मागे नेतो तेव्हा, पुढे जोर टाकतो तेव्हा, किंवा उठावयास एक पाय उचलतो तेव्हा. तो जोर पुढे टाकीत असेल, तर त्याच दिशेस ओढावे. त्याचा जोर व आपला जोर एक होऊन त्याचे डोके खाली येते. उलट, आपण ओढताच तो सावध होऊन मागे रेलू लागला, तर ओढीत राहू नये. घोट्यांची आढी सोडून, त्याच्या रेलण्याबरोबर स्वतः उठून बसावे आणि कमरेच्या धक्क्याने त्यास तिरपे मागे उलटवावे. अशा रीतीने तो पुढे आला तरी फसतो आणि मागे गेला तरी फसतो. आपल्या कुस्तीतील धोबीपछाड पाहणाऱ्यास हे तत्त्व परके वाटणार नाही. अंगावर येणाऱ्याच्या वेगालाच पाठीवरून वाट करून देणे, हेच तेथेही आहे.

स्वतः कानो यांच्या चरित्रात याचा सुंदर दाखला आहे. इइकुबो नावाचे त्यांचे गुरू फेकण्याच्या डावांत अत्यंत निष्णात होते, आणि कानो यांस ते सहज फेकीत. पुढे कानो यांनी ओढल्यावर व ढकलल्यावर मनुष्य कोणत्या दिशेस कसा प्रतिकार करतो, याचा अभ्यास केला, आणि एके दिवशी त्यांनी गुरूंसच एकामागून एक फेकले. गुरूंनी कारण विचारले, तेव्हा त्यांनी तोल मोडण्याचा आपला शोध सांगितला. आणि गुरूंनी तो मोकळेपणाने मान्य केला. शिष्याची बुद्धी आणि गुरूची थोरवी, दोन्ही या प्रसंगात दिसतात.

मोडलेले ठाण राखणे

ठाण मोडणे हे निम्मे काम आहे. डोके खाली आले म्हणून हर्षाने पकड सैल केली, तर बलवान मनुष्य पुन्हा ताठ होतो आणि सर्व श्रम वाया जातात. म्हणून त्याचे डोके आपल्या छातीशी येताच एक हात डोक्यामागे ठेवावा, दुसऱ्या हाताने त्याचा दंड बगलेत धरावा, आणि पाय पाठीवर आणखी वर चढवावे. आता त्याच्या शरीराचा कमरेवरील भाग, म्हणजे त्याच्या एकूण वजनाचा निम्म्याहून अधिक भाग, त्याच्याच विरुद्ध काम करू लागतो. ओळंब्यातून कललेली भिंत ती हीच. येथे श्वास शांत ठेवून पुढील डावाचा विचार करावयास आपणास अवकाश मिळतो.

विद्येची मर्यादा

येथवर वाचून कोणी असे समजेल की युक्ती जाणणारा दुर्बळ मनुष्य कोणासही जिंकील. तसे नाही, आणि विद्यार्थ्यांस अशी खोटी आशा दाखविणे हे शिक्षकास शोभणारे नाही. १९५१ साली रिओ दि जानेरो येथे एलियो ग्रेसी व जपानचे मासाहिको किमुरा यांची झुंज झाली. किमुरा वजनाने व बळाने अधिक होते, आणि विद्येतही ते अद्वितीय होते. त्यांनी एलियो यांच्या हातास असा पेच घातला की हात मोडला, तरी एलियो यांनी हार म्हटले नाही. शेवटी त्यांच्या बंधूंनी झुंज थांबविली. तात्पर्य, बळ आणि विद्या एकत्र असतील तेथे केवळ विद्येने निभाव लागेलच असे नाही. विद्या दुर्बळास जयाची हमी देत नाही. ती त्यास संधी मिळवून देते, आणि ही संधी लहान नव्हे.

आपल्या महाराष्ट्राचे खाशाबा जाधव यांचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. कराडजवळील गोळेश्वर येथे १९२६ साली जन्मलेला हा ठेंगणा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. मातीत वाढलेल्या त्यांस गादीवरील कुस्ती व तिचे नियम नवे होते. त्यांनी ते नियम आत्मसात केले, सराव वाढविला, आणि १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यांनी बळाची हेळसांड केली नाही आणि विद्येचीही केली नाही. व्यायाम सोडून युक्तीच्या गोष्टी करणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

सराव व सावधगिरी

हा पाठ पुस्तकावरून एकट्याने करून पाहण्याचा नव्हे. जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, गादीवर, आणि आपल्या वयाच्या सोबत्याबरोबरच तो करावा. सोबत्याने प्रथम आपल्या बळाचा चौथा हिस्सा वापरावा, नंतर निम्मा, आणि डाव अंगवळणी पडल्यावरच पुरा. प्रत्येक अंगाचा सराव निराळा करावा. चारही एकदम करू पाहणाऱ्यास एकही येत नाही.

तीन नियम मोडता कामा नयेत. सोबत्याने हाताने थोपटून हार दर्शविली की तत्क्षणी पकड सोडावी. मानेस पीळ देऊ नये. आणि समोरचा आपणास पायांच्या मिठीसह उचलून उभा राहू लागला, तर मिठी ताबडतोब सोडून पाय जमिनीस लावावे. उचलून आपटले गेल्याने होणारी मानेची व पाठीची इजा जन्मभर पुरते.

पालकांच्या मनात एक शंका येईल : असले शिक्षण मिळाल्याने मुले भांडखोर तर होणार नाहीत? अनुभवी शिक्षकांचे मत याच्या उलट असते. ज्या मुलास पडण्याची भीती वाटते, तो एक तर आधीच हात उगारतो किंवा दांडग्यापुढे निमूटपणे मान तुकवितो. पडल्यावरही शांत राहता येते हे ज्यास ठाऊक आहे, त्यास या दोहोंची गरज उरत नाही. रस्त्यावर प्रसंग आला, तर निघून जाणे हाच पहिला व उत्तम डाव. विशेषतः समोर एकाहून अधिक माणसे असतील तेथे जमिनीवर राहणे घातक होय. हेही मुलांस शिकविलेच पाहिजे. आणि हे सर्व जितके मुलग्यांस लागू आहे, तितकेच मुलींसही आहे. किंबहुना आपल्याहून बळकट माणसाखाली सापडण्याची भीती ज्यांना अधिक, त्यांना या पाठाचा उपयोगही अधिक.

विद्यार्थीमित्रहो, सारांश इतकाच की बळ हे हवेत तरंगत नसते. ते कशावर तरी उभे असते. बळाशी बळ लावून दमण्यापेक्षा ते कशावर उभे आहे, हे प्रथम पाहावे. मग आपल्या बळकट भागाने, योग्य दिशेने आणि योग्य क्षणी त्या आधारासच हात घालावा. आणि याच न्यायाने आपले स्वतःचे ठाणही सांभाळावे. कारण पाठ ताठ, डोके वर आणि श्वास शांत ठेवणाऱ्यास पाडणे कोणासही सोपे जात नाही.